तलावाच्या पोटातला बोर

टीव्हीवर जगाचा नकाशा लावून चार कोटवाले भांडायला बसले, की मी उठते आणि भांडी घासायला लागते. कोणत्या देशानं कोणाला काय द्यायचं बंद केलं, कोण कोणाला धमकावून राहिला, पुढची वीस वर्षं जग कोणाच्या मुठीत राहणार, सगळं त्यांना ठाऊक असतं. मलाही एकेकाळी ठाऊक होतं. मी तर त्यावर ग्रामसभेत भाषण ठोकलं आहे. गावानं टाळ्या वाजवल्या होत्या. आज आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटतं.

मी पाच वर्षं आमच्या गावची सरपंच होते. गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या अलीकडे, जंगलाला टेकून आमचं गाव. घरं थोडी, धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, जास्त, आणि वरच्या अंगाला तलाव. हा तलाव माझ्या सासरच्या लोकांनी बांधला. कधी, ते कोणालाच सांगता येत नाही, इतकं जुनं काम आहे. आमच्या जातीच्या लोकांना तलावाचं वेडच. घराचं छप्पर गळलं तरी चालेल, पण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, दरवर्षी माती पडली पाहिजे. पुढे सरकारनं तलाव आपल्या नावावर करून घेतला, पण पाणी वाटायचं काम घराण्यातच राहिलं. हे काम करणाऱ्याला पाणकर म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाणकर माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणते, आमच्याकडे सुना तसंच म्हणतात.

पाणकराचं काम सोपं दिसतं, सोपं नाही. पाऊस जातो तेव्हा हलकं धान कापणीला आलेलं असतं, पण भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, हिरवंगार उभं असतं. दिवाळीच्या आगेमागे त्याच्या लोंबीत दाणा भरतो आणि तेव्हा त्याला एक शेवटचं पाणी लागतं. ते मिळालं तर घरात धान येतं. नाही मिळालं तर नुसती तणीस, ढोरांपुढे टाकायला. ते एक पाणी तलावात धरून ठेवायचं आणि वेळ आली की कोणाच्या बांधीला आधी, कोणाच्या नंतर, हे ठरवून पाळीतलं तोंड उघडायचं. त्या तोंडाला तुडुम म्हणतात. मामाजी खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेनं फिरायचे आणि कोणी त्यांच्याशी वाद घालायचं नाही, कारण आमच्या स्वतःच्या बांध्यांना ते सगळ्यात शेवटी पाणी द्यायचे. मी नवी होते तेव्हा यावरून नवऱ्याशी कडाडून भांडले होते. घरचा पाणकर असून आपण मागे काऊन? नवरा हसला आणि बाहेर निघून गेला.

मामाजींचा आणखी एक नियम होता. दोन-तीन उन्हाळ्यांनी एकदा तलावाचा गाळ काढतात, लोक तो आपापल्या बांधीत नेऊन टाकतात. तेव्हा मामाजी दिवसभर उन्हात उभे राहायचे. काळा गाळ संपून पिवळी चिकण माती दिसली, की हात वर. बस. मग कोणी मंत्री का येईना, पुढे एक फावडं पडू द्यायचे नाहीत. त्या चिकण मातीचा थर जुन्या लोकांनी बैलांच्या पायांनी तुडवून तुडवून बसवलेला आहे, आणि त्याच्याखाली फुटका दगड आहे, असं ते सांगायचे. ते त्याला तलावाचं पोट म्हणायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय.

आता त्या उन्हाळ्याचं सांगते. त्याच्या आदल्या हंगामात खतानं आम्हाला रडवलं होतं. काळं खत, म्हणजे डीएपी, मिळेना. अर्जुनीला जा, नाही. सडक अर्जुनीला जा, नाही. दुकानदार म्हणायचा, चीननं अडवलं आहे. बाया विचारायच्या, मॅडम, चीनचं आपल्या धानाशी काय वाकडं? आणि मी त्यांना समजावून सांगायची. मी बारावी शिकलेली, रोज पेपर वाचणारी, फोनवर बातम्या बघणारी. हातपंपाजवळ उभी राहून मी बायांना जग समजावून सांगायची. कोण कोणाच्या बाजूनं आहे, समुद्रात जहाजं कुठं अडली, कोणाकडे कोणता धातू आहे. मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या शेवटी दोन ट्रक आले. एकावर भलंमोठं मशीन, दुसऱ्यावर पाईप. सोबत एक तरुण साहेब, रायपूरकडचा, हिंदी बोलणारा. जमिनीखालचा दगड तपासायला सरकारनं पाठवलेल्या ठेकेदाराचा माणूस. चांगला होता पोरगा, उर्मट नव्हता. ग्रामसभेत त्यानं सांगितलं की मोबाईलपासून मिसाईलपर्यंत सगळ्याला काही खास धातू लागतात, ते बाहेरच्या देशाच्या हातात आहेत आणि त्यानं ते रोखून धरले आहेत. "हमको अपना खुद का ढूँढना पड़ेगा, नहीं तो आगे चलके देश घुटने पे आ जाएगा," असं म्हणाला. आमच्या भागातल्या दगडात तो धातू असायची शक्यता होती.

मग मी उठले. पदर खोचला आणि बोलले. ज्यांनी आपलं खत अडवलं तेच आता धातू अडवून राहिले, असं म्हणाले. उद्याचं जग ज्याच्या जमिनीत धातू आहे त्याचं राहील आणि आपलं गाव त्या कामाला लागलं तर गावाचं नाव दिल्लीपर्यंत जाईल, असं म्हणाले. सीमेवरचे जवान बंदूक धरतात, आपण निदान एक ठराव तरी करू. टाळ्या पडल्या. ठराव झाला. मी सही केली, शिक्का मारला. मामाजी मागे भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या का ते मी बघितलंच नाही.

गावाला यातलं किती कळलं? काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच बोलणं, गावात सरकारी बोर होऊन राहिला! आमच्याकडे मशीन येतं आणि जमिनीत पाईप घालतं ते पाण्यासाठीच. दुसऱ्या कशासाठी कोणी जमिनीला भोक पाडेल, हे आमच्या डोक्यात शिरतच नाही. आमचं सगळं पाण्यावर सुरू होतं आणि पाण्यावर संपतं. बायांना हसू नका. मी शिकलेली, मला धातू म्हणजे काय ते कळत होतं, तरी माझ्याही मनात तेच आलं. एवढं खोल जाणार, तर पाणी लागल्याशिवाय राहील का? आणि लागलंच तर ते त्या कोपऱ्यातल्या मोहाच्या झाडाखाली काऊन वाया घालवायचं?

कारण कागदावर भोकाची जागा तिथं होती. तलावाच्या वर, पडीक बांधीत, मोहाच्या झाडापाशी. तिथून तलावाची कोरडी पडलेली जमीन पन्नास-साठ पावलांवर. मे महिन्यात आमच्या तलावात मधोमध एक डबकं उरतं, ढोरांना पाणी प्यायला, बाकी सगळं भेगाळलेलं मैदान. मला वाटलं, भोक तलावातच पडलं आणि पाणी उसळलं, तर तलाव खालून भरत राहील. उन्हाळी धानही घेता येईल. पुढच्या निवडणुकीत मला कोणी हात लावणार नाही. हेही मनात होतंच.

मी साहेबाला जेवायला बोलावलं. तलावातले झिंगे, भात, कांदा, भरपूर तिखट. तो घाम पुसत पुसत जेवला. मी म्हणाले, "साहेब, मशीन जरा तलावात सरकवा ना. तुम्हाला दगडाशी मतलब, आम्हाला पाण्याशी. दगड तर सगळीकडे एकच आहे खाली."

तो हसला. "मॅडम, पानी हमारे काम का नहीं है."

"तुमच्या नाही, आमच्या आहे."

त्यानं थोडा विचार केला. त्याचाही फायदा होता. मोहाच्या झाडाकडे ट्रक न्यायचा तर चार बांध्यांचे धुरे, म्हणजे मधले बांध, फोडावे लागणार होते, आणि मशीनला लागणारं पाणी तर डबक्यातूनच ओढायचं होतं. तो म्हणाला, "ठीक है. लेकिन कागज़ पे पॉइंट पास हो गया है, वो नहीं बदलेगा. कागज़ वही रहेगा, मशीन सरका देते हैं."

मी त्याला आणखी झिंगे वाढले. सरकार दिल्लीत असतं, मुंबईत असतं, असं आपण म्हणतो ना? त्या दुपारी सरकार माझ्या ओट्यावर बसून भातावर रस्सा ओतून घेत होतं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. मॅडमनं मशीन तलावात आणलं! आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी ग्रामपंचायतीत आले. मी सरपंच झाल्यापासून ते या ऑफिसात कधी आले नव्हते. दारातच उभे राहिले. शिपाई, दोन सदस्य, ग्रामसेवक, सगळे बसलेले.

"बाई, तलावाच्या पोटात मशीन लावून राहिले मनते?"

"हो मामाजी. सरकारचं काम आहे."

"सरकारचं काम तिकडं मोहापाशी होतं. इकडं तू आनलं."

"पाणी लागेल ना मामाजी. गावाचंच भलं आहे."

"पानी वरून येते बाई. खालून कायले येईल? पोट फुटलं का मंग काही रायत नाही. मी सांगून राहिलो ना."

चार माणसांसमोर सासऱ्यानं मला शिकवावं, याचा मला राग आला. मी सरपंच होते. मी म्हणाले, "मामाजी, जग कुठल्या कुठं जाऊन राहिलं आणि तुम्ही अजून तुडुम धरून बसले."

एक सदस्य फिदीफिदी हसला. मामाजींनी माझ्याकडे बघितलं, मग त्या हसणाऱ्याकडे, आणि गेले. घरी आल्यावर रोजच्यासारखे जेवले आणि झोपले. मला वाटलं, चला, मिटलं.

मशीन लागलं त्या दिवशी गावानं सण केला. नारळ फुटला. बायांनी मशीनला हळदकुंकू लावलं, लोखंडी चाकाला पिवळा दोरा बांधला. गड्यांनी तर कमालच केली. फावडी घेऊन भोकाच्या जागेपासून चारी बाजूंना पाट काढून ठेवले, म्हणजे पाणी उसळलं की नीट पसरेल. साहेब बघतच राहिला. त्याला बिचाऱ्याला कळेना, हे लोक काय करून राहिले. तो मला विचारायला आला आणि मी म्हणाले, "करू द्या, हौस आहे त्यांची."

पंधरा दिवस ते मशीन घरघरत होतं. जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या निघत, त्या पत्र्याच्या पेट्यांत ओळीनं ठेवल्या जात, त्यांवर नंबर पडत. एका दुपारी पाईपाच्या तोंडातून पांढरं पाणी भसाभस वर आलं. बाया ओरडल्या, माय माय, लागलं! पाटाकडे धावले सगळे. ते आमचंच पाणी होतं. मशीन थंड राहावं म्हणून डबक्यातून ओढलेलं, तेच आत जाऊन वर येत होतं. डबकं आटलं तेव्हा लोकांना कळलं. ढोरांना मग नाल्यावर न्यावं लागलं, दीड कोस. तरी कोणी मला बोललं नाही. म्हणाले, अजून खोल जायचं आहे, तिथं लागेल.

मग एक दिवस साहेबाला फोन आला. तो बोलत बोलत मोहाच्या झाडापर्यंत गेला, परत आला आणि माणसांना म्हणाला, आवरा. मी विचारलं, काय झालं? "ऊपर से रोकने को बोला है, मॅडम." दोन दिवसांनी मी बातम्यांत बघितलं. कुठल्या तरी परदेशी शहरात मोठ्या मोठ्या देशांची माणसं गुबगुबीत खुर्च्यांवर बसली होती आणि एकमेकांचे हात हलवून राहिली होती. धातू देणं घेणं पुन्हा सुरू करू, असं त्यांचं ठरलं म्हणे. त्या फोनचा आणि या हस्तांदोलनाचा संबंध होता का, ते मला कोणी सांगितलं नाही. मी मात्र तो लावला. रुसवाफुगवा झाला तेव्हा आमच्या गावात मशीन आलं, आणि समेट झाला तेव्हा अर्ध्या कामावरून उठून गेलं. आम्ही त्यांच्या रुसण्यातही नव्हतो आणि समेटातही नव्हतो.

जाताना त्यांनी आतला लोखंडी पाईप उपसून नेला. भोकावर पोतं आणि पोत्यावर चपटा दगड. साहेब म्हणाला, भोक सिमेंटनं भरायला दुसरी माणसं येतील. मी हो म्हटलं. कोणी आलं नाही, आणि मीही कोणाला विचारलं नाही. पाऊस तोंडावर होता.

पाऊस चांगला झाला. तलाव काठोकाठ भरला, सांडवा वाहिला, पोरंबाळं त्यात मासे धरायला उतरली. मी मामाजींना म्हणालेही, बघा, काही झालं का? ते म्हणाले, "भरते तवा कोनाले समजते? उतरते तवा पाहाजो."

पोळा होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी मामाजींनी मला हाक मारली. त्यांच्या हातात सुपात धानाचा कोंडा होता. मला पाळीवर नेलं. वारा पडलेला, पाणी थाळीत धरल्यासारखं निवांत. मामाजी गुडघाभर पाण्यात उतरले आणि लांबवर कोंडा भिरकावला. थोडा वेळ तो जागेवरच तरंगला. मग हळूहळू सरकायला लागला. वारा नाही, पाट बंद, तुडुम बंद, आणि कोंडा एकाच बाजूला सरकून राहिला. बघता बघता एका जागी गोळा झाला आणि गोल गोल फिरायला लागला. ती जागा कोणती, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

"मामाजी, काही करता येईल?"

"पान्यात काय करतेस? उन्हारा येऊ दे." मग म्हणाले, "गावाले सांगाव लागन. यंदा शेवटचं पानी पुरत नाही. ज्याले जमते तो आतापासून काही दुसरं पाहील."

त्यांचं बरोबर होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर लोकांनी इंजिन लावून आधीच पाणी घेतलं असतं, निदान अर्धं धान वाचलं असतं. मला ते कळत होतं. आणि मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, "मामाजी, आत्ता कोणाला सांगू नका. निवडणूक जवळ आहे. हात जोडते."

त्यांनी सूप झटकलं. "बरं," म्हणाले. एवढंच.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तलाव तळाला लागला. मामाजींनी तुडुम उघडलं, तर पाटानं नुसता ओलावा धावला. वरच्या थोड्या बांध्या भिजल्या, खालच्या कोरड्या राहिल्या. आमच्या तर नेहमीप्रमाणे शेवटी, त्यांच्यापर्यंत काहीच आलं नाही. लोंब्या वर ताठ उभ्या, वाकायचं नाव नाही. दाणा भरला की लोंबी वाकते. आमची हातानं दाबली की फस्स. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्या जत्रेला, पाहुणे आले, त्यांना आम्ही बाजारातून आणलेल्या तांदळाचा भात वाढला. भाताच्या गावात ही लाज केवढी, ते आमच्याकडच्यालाच कळेल.

लोक बोलायला लागले. सांडव्यावरून वाहिलेला तलाव दिवाळीला रिकामा कसा? पाऊस तर झाला. बोराकडे कोणाचं बोट गेलं नाही, कारण बोर पाणी देतो, नाही तर कोरडा जातो; तो पाणी पितो, हे कोणाच्या मनातही आलं नाही. मग उरलं कोण? पाणकर. म्हाताऱ्यानं तुडुम नीट बसवलं नाही. म्हाताऱ्यानं कोणाला तरी चोरून पाणी सोडलं. खालच्या गावाला विकलं. हे शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलं, पिठाच्या गिरणीत. मी माझा डबा उचलला आणि घरी आले.

निवडणूक झाली, मी पडले. बरं झालं, माझी लायकीच ती होती. मग मला जरा धीर आला. म्हटलं आता गमवायचं काय आहे? गोंदियाला गेले, अर्ज दिला. तीन चकरांनंतर एक अधिकारी जीप घेऊन आला. त्याच्या हातात कागद होता. फोनमध्ये बघत बघत तो थेट मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"हे बघा मॅडम, इथं तर काहीच नाही. रेकॉर्डप्रमाणे भोक व्यवस्थित बुजवलेलं आहे."

"साहेब, इथं भोक पडलंच नाही. ते तिकडं आहे, तलावात."

"तिकडं आमचं काम झालेलं नाही."

"अहो, मी स्वतः मशीन सरकवायला सांगितलं!"

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं. त्यानं चष्मा काढला, पुसला. आवाज एकदम मऊ झाला. "म्हणजे सरकारी तलावात विनापरवाना बोर तुम्ही मारून घेतला? सरपंच असताना? हे लिहून देता का? मग मला वर कळवावं लागेल. गुन्हा दाखल होतो याच्यात."

मी शेपूट घातलं. दुसरा शब्दच नाही त्याला. म्हणाले, नाही साहेब, माझी काही तरी चूक झाली असेल. आणि वर त्याला चहा पाजला. कागदावर मोहाच्या झाडाखाली एक भोक पडलं आहे आणि बुजलंही आहे. तलावातलं भोक कागदावर नाही, म्हणून ते नाही.

उन्हाळ्यात, रात्री कोणी बघत नसताना, मामाजी, माझा नवरा आणि मी, तिघांनी मिळून त्यात चिकण माती, तणीस, सिमेंट, जे मिळेल ते कोंबलं. मामाजी उकिडवे बसून मुसळानं ठोकत होते. पण पाईप उपसताना आजूबाजूची माती ढासळली होती, आणि पावसाळाभर पाण्यानं कडेकडेनं आपली वाट करून घेतली होती; भोक काही पुरतं बुजलं नाही. "जुन्या लोकायनं बैल फिरवले होते," मामाजी म्हणाले, "आता बैल कुठून आनाचे?" बांधायला जुन्या लोकांना किती हंगाम लागले असतील, कोणाला ठाऊक. फोडायला मला एक जेवण पुरलं.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला मारुतीच्या देवळासमोर गाव बसतं आणि वर्षाची कामं वाटून देतं. पाणकराचं नाव दरवर्षी घेतात, विचारतात, चालवणार ना? मामाजी दरवर्षी हो म्हणायचे, पानसुपारी घ्यायचे, झालं. त्या वर्षी नाव घेतलं आणि कोणी पान पुढे केलं नाही. खालच्या टोल्यातला, म्हणजे वस्तीतला, एक जण उठला. त्याची सगळी बांधी गेली होती. तो म्हणाला, "आधी पानी कुठं गेलं ते सांगा. कोनाच्या बांधीत सोडलं?"

सगळे मामाजींकडे बघायला लागले. मी पुढच्या ओळीत खुर्चीवर होते. माजी सरपंचाला खुर्ची देतात. मामाजी खाली, सतरंजीवर. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"चुकलं बापा माझं," ते म्हणाले. "तुडुम बसलं नाही नीट. डोऱ्यानं दिसत नाही आता."

याच माणसानं मला काठावरून, एवढ्या लांबून, पाण्यावरचा कोंडा फिरताना दाखवला होता. कोणी तरी मागून म्हणालं, मग आधीच सांगाचं होतं ना म्हाताऱ्या. दोघे-तिघे हसले. मामाजींनी फावडं देवळाच्या पायरीला टेकवून ठेवलं आणि उठले. पान दुसऱ्या घरात गेलं.

घरी जाताना ते पुढे, मी मागे. रस्त्यात कोणी नव्हतं. मी म्हणाले, "मामाजी, मी सांगायला पाहिजे होतं."

ते थांबले नाहीत, मागेही वळले नाहीत. "सांगाचं होतं मंग," म्हणाले.

त्याला आता दोन पावसाळे होऊन गेले. तलाव अजूनही दिवाळीआधीच उतरतो, आणि लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं तुडुमच बिघडवून ठेवलं. मामाजी ओसरीवर बसलेले असतात, रस्त्यानं जाणारा पूर्वी राम राम करायचा, आता खाली बघून जातो. जगात पुन्हा काही काही सुरू झालं आहे म्हणे, पुन्हा कोणी काही अडवून धरलं आहे, मशीन परत येईल असंही ऐकते. आलं तर मोहाच्या झाडाखाली लावा, असं सांगायलाही मला तोंड उरलेलं नाही. गावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे लिहून राहिले, तेही आमच्या गावात कोणी वाचणार नाही याची खात्री आहे म्हणून.